मी जन्माला घातलेले पणजोबा

आमच्या लंडनच्या मराठी मंडळाच्या गणपतीत नवी ओळख झाली की तीन प्रश्न ठरलेले असतात. "पुण्यात कुठे?", "मिस्टर कुठल्या हॉस्पिटलला?" आणि मग जरा उशिरानं, आपलं विचारायचं म्हणून, "तुम्ही काय करता?" मी या तिसऱ्या प्रश्नाची वाट बघत असते. हातातली प्लेट खाली ठेवते, नाटकात घेतात तेवढा पॉझ घेते आणि म्हणते, "मी लोकांना जर्मन करते."

गेली काही वर्षं या वाक्यावर मी अख्खी सभा जिंकत आले आहे. एकदा मात्र क्रॉयडनच्या एक काकू अजिबात न हलता म्हणाल्या, "मग आमच्या भाच्याला करा ना. तो स्टुटगार्टलाच आहे."

त्यांच्या भाच्याला मी जर्मन करू शकत नाही. मी फक्त त्यांनाच करते, जे मुळात जर्मन होते आणि ज्यांना एका सकाळी सांगण्यात आलं की तुम्ही आता नाही.

थोडक्यात समजावते. नाझी राजवटीत हजारो ज्यू कुटुंबं जीव वाचवून परदेशी पळाली. त्यांतल्या काहींची नावं सरकारी गॅझेटमध्ये छापून नागरिकत्व काढून घेतलं. मग १९४१ साली एकच हुकूम निघाला आणि जे बाहेर होते त्या सगळ्या ज्यूंचं नागरिकत्व एका फटक्यात गेलं. युद्धानंतर जर्मनीनं जी नवी राज्यघटना केली तिच्यात एक छोटं कलम घातलं: असं ज्यांचं काढून घेतलं त्यांनी किंवा त्यांच्या मुलानातवंडांनी मागितलं, तर ते परत द्यायचं. उपकार म्हणून नाही, हक्क म्हणून. फक्त मागताना कागद दाखवायचे. आणि जी माणसं एका सुटकेसनिशी घर सोडून आली, त्यांच्याकडे नेमके कागद सोडून सगळं असतं. एक बाई पुरावा म्हणून चांदीचा चमचा घेऊन आल्या होत्या. एका गृहस्थांनी, आपले वडील जर्मन होते हे सिद्ध करायला, आमच्या ऑफिसात उभं राहून एक अख्खं बालगीत म्हटलं. सुरात म्हटलं. पण सुराला रबर स्टॅम्प नसतो.

आमचं ऑफिस उत्तर लंडनमध्ये एका ड्रायक्लीनरच्या वर आहे. मालकीण जिलियन, साठीची सॉलिसिटर, आवाज असा की खाली इस्त्री थांबावी. श्रीधरची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, इंग्लंडमधल्याच दुसऱ्या गावाहून लंडनच्या हॉस्पिटलात बदली झाली तेव्हा मी काम शोधत होते. जिलियनची जाहिरात होती, "जर्मन वाचणारी व्यक्ती हवी. जुनं हस्ताक्षर वाचता आल्यास उत्तम." जर्मन मी पुण्यात शिकले होते. का शिकले, तर त्या काळी पुण्यात सगळेच शिकत होते. जुन्या जर्मन हस्ताक्षराशी मात्र माझा काहीच संबंध नव्हता. मुलाखतीत जिलियननं एक पान पुढे सरकवलं आणि मला हसूच आलं. अगदी मोडी! कॉलेजात असताना सुट्टीत मी मोडीचा एक वर्ग केला होता. तीच घाई, हात न उचलता पळणारी तीच अक्षरं, जिथे दोन वेगळी अक्षरं सख्खी भावंडं दिसतात. मी अडखळत अडखळत दीड ओळ वाचली.

"कुठे शिकलीस?" जिलियननं विचारलं.

"आमच्याकडेही लोक असंच लिहीत," मी म्हटलं. नोकरी लागली.

घरी श्रीधरला कामाचं स्वरूप सांगितलं तर त्याला पटेचना. नुकतेच आम्ही ब्रिटिश झालो होतो. त्याआधी कित्येकदा व्हिसासाठी पहाटे उठून क्रॉयडनच्या इमिग्रेशन कचेरीच्या रांगेत उभं राहिलो होतो, फाइल छातीशी धरून, थर्मासमधला चहा दोघांत पुरवत. शेवटी भारताचा पासपोर्ट कोपरा कापून परत हातात आला, तेव्हा ट्रेनमध्ये दोघंही खिडकीबाहेर बघत बसलो होतो. "म्हणजे यांच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट आहे," श्रीधर म्हणाला, "आणि तरी यांना दुसरा हवाय? तोही जर्मनीचा?"

"हो."

"कशाला?"

या 'कशाला'चं उत्तर मला वॉल्टर लिंडेमान यांच्याकडून मिळालं. पण त्याआधी मी त्यांच्या बाबतीत काय दिवे लावले ते सांगायला हवं.

मला नोकरी लागून तीन महिने झाले होते. जिलियन दोन आठवडे सुट्टीवर होती आणि मी एकटी राज्य करत होते. अमेरिकेहून एका बाईंचा फोन आला. त्यांचा मुलगा बेन, वय पंचवीस, लाइपझिगमध्ये व्हायोलिन बनवणाऱ्या एका कारागिराकडे शिकाऊ म्हणून राहू बघत होता. अमेरिकन माणसाला तसा परवाना मिळेना. जर्मनीत राहायची मुदत सप्टेंबर अखेर संपणार होती आणि कारागिरानं सांगितलं होतं, एक ऑक्टोबरपर्यंत जागा ठेवतो, नंतर दुसरा घेईन. पण बेनचे आईकडचे आजोबा मूळचे लाइपझिगचे, आणि राहायला लंडनला. आजोबांचे कागद लावून बेनला नागरिकत्व मिळालं, तर परवान्याचा प्रश्नच उरत नव्हता.

आजोबा म्हणजे वॉल्टर लिंडेमान. वय त्र्याऐंशी, निवृत्त पियानो ट्यूनर. फोनवर ते म्हणाले, "मुलाला त्या गावात का राहायचंय, मला कळत नाही. पण त्याला हवंय ना, मग करा." आणि त्यांनी एकाच कागदाची फोटोकॉपी पाठवली, १९३९ साली इंग्लंडला येताना मिळालेली नोंद. तिच्यावर नाव होतं, वॉल्टर इस्राएल लिंडेमान.

आता वाचकहो, तुम्हीच सांगा. वॉल्टर इस्राएल लिंडेमान. स्वतःचं नाव, मधलं नाव, आडनाव. मधलं नाव कोणाचं असतं? माझं लग्नाआधी वडिलांचं होतं, लग्नानंतर श्रीधरचं झालं. अर्जात आजोबांच्या वडिलांचं नाव विचारलं होतं. मी झोकात लिहिलं, इस्राएल लिंडेमान.

मला जराही शंका आली नाही, कारण कपाटातल्या जुन्या फायलींत मी आधीच पाहिलं होतं की हे नाव त्यांच्याकडे फारच चालतं. कुर्ट इस्राएल, हान्स इस्राएल. मला वाटलं, आपल्याकडे पूर्वी घरटी एक दत्तात्रय असायचा तसंच असेल. बायकांच्या मधल्या नावाची तर मला मोठीच गंमत वाटली होती. हिल्डे सारा, मार्था सारा. म्हणजे मुलीला आईचं नाव! हळदीकुंकवाला मी हे बायकांना सांगितलंही होतं. "बघा, सत्तर वर्षांपूर्वी, आणि मुलीच्या नावापुढे आईचं नाव! नाहीतर आपण." सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

अर्ज गेला. ऑगस्टच्या मध्यावर परत आला. वर एक सभ्य पत्र: अर्जदाराचे पणजोबा म्हणून दाखवलेले इस्राएल लिंडेमान या नावाची कोणतीही व्यक्ती शहराच्या नोंदींत सापडत नाही, त्यामुळे पुढे काही करता येत नाही.

जिलियन तोवर परतली होती. तिनं पत्र वाचलं, माझा अर्ज वाचला, चष्मा काढला. तिचा तो प्रसिद्ध आवाज चढेल म्हणून मी खांदे आवळून बसले. ती हळूच म्हणाली, "वसुधा, हे तू त्यांच्याकडे जाऊन स्वतः विचार. मी सांगणार नाही." तिचा आवाज कधीही त्या दिवसाइतका खाली आलेला मी ऐकला नाही.

वॉल्टर यांच्या घरात दोन पियानो होते आणि दोन्हींच्या मध्ये जेमतेम एक माणूस मावेल एवढी जागा. तिथे ते बसले होते. मी पत्र दिलं. त्यांनी सावकाश वाचलं.

"माझ्या वडिलांचं नाव गेऑर्ग," ते म्हणाले.

"मग इस्राएल कोण?"

"इस्राएल मी. शेजारचा हान्सही. आमचा डॉक्टरही. सगळेच." त्यांनी पत्राची घडी घातली. "सरकारनं कायदा केला, मिसेस करंदीकर. ज्यू पुरुष असेल तर नावात इस्राएल घालायचं, बाई असेल तर सारा. म्हणजे कागदावरून कोणीही ओळखावं. माझी आई सारा, बहीण सारा. स्वतः कचेरीत जाऊन कळवायचं, आणि कारकून जन्माच्या नोंदवहीत समासात ते लिहायचा. वडील मला घेऊन गेले होते. कारकुनाचं अक्षर फार सुंदर होतं. मी उभा राहून बघत होतो."

मला हळदीकुंकू आठवलं. त्या डोलणाऱ्या माना आठवल्या. खरं सांगते, दोन पियानोंच्या मध्ये जागा असती तर मी तिथे जाऊन लपले असते.

"मला वाटलं," मी म्हटलं, "ते तुमच्या वडिलांचं नाव आहे. आमच्यात मधलं नाव वडिलांचं असतं."

"आणि तुमचं? कार्डावर काहीतरी आहे. श्री..."

"श्रीधर. तो माझा नवरा. लग्नाआधी तिथे वडील होते, माधव."

"म्हणजे लग्न झालं आणि तुमचं मधलं नाव बदललं?"

"हो."

"तुम्हाला विचारलं?"

"नाही," मी म्हटलं. "पण ते... तसं नाही. कोणी जबरदस्ती नाही केली. रीत असते."

"अच्छा, रीत." म्हातारा माझ्याकडे मिश्किलपणे बघत होता. मग एकदम हसायलाच लागला, खांदे हलेपर्यंत. "म्हणजे तुम्ही माझ्यासाठी एक वडील तयार केलेत. वर सरकारला कळवलंत. आणि आता ते त्यांना लाइपझिगभर शोधतायत!"

"सापडले नाहीत," मी म्हटलं.

"नशीब!" ते म्हणाले, आणि मग मलाही हसू आवरेना. माझ्या या धंद्यातलं ते पहिलं हसू. त्याआधी मी या लोकांशी हॉस्पिटलात बोलतात तशा हलक्या आवाजात बोलायचे.

हसू ओसरल्यावर मी सांगितलं की सहा आठवडे उरलेत आणि तुम्ही जर्मन होता याचा पुरावा हवा. ते उठले, वरच्या खोलीतून बिस्किटांचा एक डबा घेऊन आले. आत त्यांचा जुना पासपोर्ट. पहिल्याच पानावर लाल शाईत मोठं 'J' हे अक्षर, ज्यू असल्याची खूण. हा पासपोर्ट त्यांनी कधी मुलीलाही दाखवला नव्हता. आमच्या कामातली ही एक विचित्र गोष्ट आहे: ज्या कागदांवर यांना बाहेरचं ठरवलं, तेच कागद सांगतात की हे आतले होते. म्हणून लोक ते फेकत नाहीत आणि बघतही नाहीत.

"अजून जन्माची नोंद लागेल," मी म्हटलं. "वडिलांचं खरं नाव दाखवायला. माझी चूक निस्तरायला."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "मागवा. पण मला दाखवू नका. त्या समासात काय आहे, मला माहीत आहे."

मी लाइपझिगला पत्र लिहिलं, नोंदवहीच्या अख्ख्या पानाची प्रत मागितली, समासासकट. मग वाट बघणं सुरू झालं. बेनचे फोन यायचे. गडी मोठा आनंदी, पण प्रत्येक फोनमध्ये आनंद जरा कमी व्हायचा. "मिसेस के, परवाना नाही म्हणून माझा मालक मला अजून झाडूच मारायला देतो. पण झाडू मारायलाही मला इथेच राहायचंय." ऑगस्ट संपला. मी रोज सकाळी पोस्टमनच्या आधी ऑफिसात हजर. खालचा ड्रायक्लीनर म्हणाला, "मॅडम, याच्याशी लग्न करणार आहात का?"

मध्येच एक जोन नावाच्या बाई आल्या. त्यांची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण ती माझ्या डोक्यातून जात नाही. त्यांची आई बर्लिनहून पळून आलेली, वडील इंग्लिश, स्वतःचा जन्म युद्ध संपल्यानंतर लगेचचा. मामाच्या मुलांना आम्ही आरामात जर्मन केलं होतं. जोनना करता येईना. त्या काळच्या नियमानं नागरिकत्व बापाकडून यायचं, आणि त्यांच्या वयाच्या लोकांना आईकडून मिळत नव्हतं; बेनच्या जन्मापर्यंत तो नियम बदलला होता. "पण पळून आई आली होती," जोन म्हणाल्या. "वडील तर ब्राइटनला होते." मुलीच्या नावात आईचं नाव बघून हुरळून गेलेली मी, मीच त्यांना सांगत होते की आई चालत नाही. त्यांनी शांतपणे हातमोजे घातले आणि त्या जिना उतरून गेल्या. त्यांची फाइल मी अजून खालच्या खणात ठेवली आहे. नियम बदलले तर पहिला फोन त्यांना.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात लाइपझिगचं पाकीट आलं. मी कोट न काढताच ते फोडलं. पळणारं, मोडीसारखं ते अक्षर. वॉल्टर, मुलगा, वडील गेऑर्ग लिंडेमान, पियानोचे व्यापारी. मी जन्माला घातलेले पणजोबा त्या क्षणी वारले, आणि मला बिलकूल वाईट वाटलं नाही. मग समास. ती ओळ तिथे होतीच, खरोखर सुंदर अक्षरात: इस्राएल हे जादा नाव धारण केले आहे.

पण तिच्याखाली आणखी एक नोंद होती. वेगळा हात, वेगळी शाई, अक्षर अगदीच गिचमिड. मी भिंग घेतलं. एकेक शब्द सोडवला. दोनदा वाचली, मग जिलियनला बोलावलं आणि तिच्यासमोर तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचली. युद्ध संपल्यावर कोणीतरी लिहिलं होतं: वरील नोंद रद्द. नाव फक्त वॉल्टर.

मी फोन केला. म्हटलं, "तुम्ही दाखवू नका म्हणाला होतात, पण मी दाखवणार आहे."

पाऊण तासात ते आमचा जिना चढून आले. त्र्याऐंशी वर्षांचा माणूस, हृदयाचं दुखणं, वर येऊन धापा टाकतोय. मी खुर्ची दिली, पाणी दिलं, भिंग दिलं. भिंग त्यांनी बाजूला ठेवलं. हे अक्षर ते शाळेत शिकले होते, त्यांना ते माझ्यापेक्षा सरळ दिसत होतं. त्यांचं बोट पहिल्या ओळीवरून न थांबता खाली गेलं आणि दुसरीवर थांबलं. खूप वेळ थांबलं.

"हे कोणी लिहिलं?"

"कुणी कारकुनानं. सही आहे, पण मला लागत नाही."

"मी तर अर्ज केला नव्हता."

"तुम्ही करायची गरज नव्हती. तो कायदाच रद्द झाला. मग नोंदवह्या दुरुस्त केल्या."

"इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं."

"आणि मी इथे..." त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "काय भयंकर अक्षर आहे!"

"भयंकर," मी म्हटलं.

"फार छान आहे," ते म्हणाले.

नव्या कागदांसह बेनचा अर्ज त्याच दिवशी गेला, जुन्याच्या दुरुस्तीसकट आणि माझ्या माफीच्या पत्रासकट. त्या पत्रात मी मराठी माणसांच्या मधल्या नावाची रीत सविस्तर लिहिली होती. जिलियन म्हणाली, हे कोणी वाचणार नाही. पण तिकडच्या अधिकाऱ्यानं वाचलं असावं, कारण होकार महिन्यांनी नाही, दहा दिवसांनी आला. सप्टेंबर संपायला तीन दिवस उरले होते. बेननं फोनवर काय म्हटलं ते मी सांगू शकत नाही, कारण तो फक्त ओरडत होता आणि मागे कोणीतरी लाकडावर ठोकत होतं. मी घरी जाऊन श्रीधरला अख्खा प्रसंग करून दाखवला, ओरडण्यासकट. वरच्या मजल्यावरच्या बाई खाली बघायला आल्या.

ऑक्टोबरात वॉल्टर पुन्हा आले. या वेळी टाय लावून. "एक फॉर्म द्या," ते म्हणाले.

"कोणाचा?"

"माझा."

मी श्रीधरचा प्रश्न विचारला. "तुम्हाला कशाला? तुमच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट आहे."

"आहे, आणि राहणार." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "पण त्यांनी माझं एक, नाव, परत ठेवलंय, मला न सांगता. दुसरं मी मागून बघतो."

फॉर्म त्यांनी स्वतः भरला. मला हात लावू दिला नाही. नाव: वॉल्टर. वडिलांचं नाव: गेऑर्ग, ठसठशीत अक्षरात, आणि माझ्याकडे एक कटाक्ष टाकूनच त्यांनी ते पुरं केलं. मग आला रकाना, 'यापूर्वी वापरलेली इतर नावे'. नियमानं तिथे इस्राएल लिहायला हवं होतं. पासपोर्टवर ते आहे. अर्ज आणि पासपोर्ट जुळत नसले तर अर्ज परत येतो, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार?

त्यांनी पट्टी मागितली आणि त्या रकान्यात एक सरळ रेघ ओढली.

मी नोंदवहीच्या पानाची प्रत काढली, समासातल्या दुसऱ्या ओळीशेजारी पेन्सिलीनं बारीक खूण केली, फॉर्मला टाचली आणि पाकीट बंद केलं. जाणूनबुजून अपुरा अर्ज मी आयुष्यात एकदाच पाठवला आहे.

तो परत आला नाही.